प्रकाशतंतूंचा धंदा आणि भागधारकाचा पैसा

आदिलाबाद जिल्ह्यातील कास्तकाराला पीक आणि पैसा यांतील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. पैनगंगेच्या दक्षिणेकडील जैनथ, बेला या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या काळ्या जमिनीत कापूस पिकवीत आली आहेत. बोंडे टपोरी निघाली, वेचणी वेळेवर झाली, म्हणून घरात पैसा आलाच असे होत नाही. भारतीय कापूस महामंडळाचा पूर्ण हमीभाव मिळतो तो ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला. ओलावा वाढेल तसा भाव कापला जातो, आणि तो १२ टक्क्यांपलीकडे गेला तर महामंडळ माल घेतच नाही. पीक चांगले येणे ही एक गोष्ट, त्याला गिऱ्हाईक मिळणे ही दुसरी, आणि त्याचे पैसे हाती पडणे ही तिसरी. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच वर्ष चांगले गेले असे म्हणावयाचे.

हे ज्ञान ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, तीच माणसे समभागांच्या बाजारात शिरताना मात्र पहिल्या गोष्टीवर भाळतात. आज जिल्ह्याच्या गावी निवृत्त कर्मचारी, अडते, शिक्षक आणि कास्तकारांची शिकलेली मुले यांच्या हातांतील फोनवरच समभागांची खरेदी-विक्री होऊ लागली आहे. त्यांच्या कानी एक युक्तिवाद वारंवार पडतो. तो असा की, इंटरनेट गावोगाव पोहोचत आहे. त्यासाठी काचेचे तंतू आणि यंत्रे लागणार. तेव्हा ती बनविणाऱ्या कंपन्यांचे समभाग घेणारा श्रीमंत होणार. यातील पहिली दोन वाक्ये खरी आहेत. तिसरे वाक्य त्यांच्यामागून आपोआप येते असे वाटते, पण येत नाही. या एका न तपासलेल्या पायरीवर पुष्कळांच्या मुलीच्या शिक्षणाचा किंवा विहिरीच्या बांधकामाचा पैसा घसरला आहे. म्हणून या धंद्याचे स्वरूप मुळापासून पाहणे इष्ट होय.

प्रकाशतंतू म्हणजे अत्यंत शुद्ध काचेचा, सुमारे १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा धागा. दूर पल्ल्याच्या तंतूत प्रकाश वाहतो तो त्याच्याही आत असलेल्या ८ ते १० मायक्रॉनांच्या गाभ्यातून. गाभ्याची काच आणि भोवतालची काच यांत किंचित फरक ठेवलेला असतो. त्यामुळे प्रकाश बाहेर न निसटता पुढे पुढे जात राहतो. सन १९६६ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी असे दाखवून दिले की, काचेतून प्रकाश दूर जात नाही याचा दोष मुख्यतः काचेतील अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटर प्रवासानंतर मूळ प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी उरला, तरी त्यावर दूरध्वनी चालविता येईल, असे त्यांचे गणित होते. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये ही मर्यादा ओलांडली. काव यांना या कामासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूत तोच शंभरावा हिस्सा उरतो तो एक किलोमीटरनंतर नव्हे, तर सुमारे १०० किलोमीटरनंतर. यावरून पन्नास-पंचावन्न वर्षांत विज्ञानाने केवढी मजल मारली याची कल्पना येईल.

भारतात या तंतूचा दूरध्वनीसाठी पहिला उपयोग झाला तो पुण्यात. तेथे १९७९ मध्ये एका दूरध्वनी केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत प्रकाशतंतूची जोडणी करण्यात आली. एकाच शहराच्या पोटातील केंद्रे एकमेकांस जोडणे, हाच महानगरी जाळ्याचा गाभा होय. आणि त्याचा या देशातील आरंभ महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या जाळ्याचे तीन भाग कल्पावेत. पहिला भाग दूर पल्ल्याच्या वाहिन्यांचा. त्या एका शहरातून दुसऱ्या शहरात, शेकडो किलोमीटर जातात. दुसरा भाग शहरातील वलयांचा. शहराभोवती आणि शहरातून तंतू गोल फिरवून आणलेला असतो व त्यावर ठिकठिकाणी यंत्रे बसविलेली असतात. वलय करण्याचे कारण साधे आहे. रस्त्याच्या कामात एका ठिकाणी तंतू तुटला, तर माहिती उलट दिशेने फिरून मुक्कामी पोहोचते आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. तिसरा भाग घरापर्यंतच्या फाट्यांचा. केंद्रातून निघालेल्या एका तंतूवरील प्रकाश वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो व प्रत्येक घरी एक लहानसा डबा बसतो.

यंत्रांचे कौशल्य दिसते ते मुख्यतः दुसऱ्या भागात. एकाच तंतूतून निरनिराळ्या रंगांचा, म्हणजे निरनिराळ्या तरंगलांबीचा, प्रकाश एकाच वेळी सोडता येतो आणि प्रत्येक रंगावर स्वतंत्र मजकूर चढविता येतो. डोळ्यांना न दिसणारे असे अनेक रंग एका धाग्यातून जातात व पलीकडे पुन्हा वेगळे केले जातात. येथेच गुंतवणूकदाराने थबकून विचार करावा. नवे यंत्र आले की जुन्याच तंतूतून दसपट माहिती जाऊ लागते. म्हणजे विज्ञानाची प्रगती झाली की नवा तंतू विकण्याची निकड कमी होते! जी गोष्ट गिऱ्हाइकाच्या फायद्याची, ती तंतू बनविणाऱ्याच्या तोट्याची ठरू शकते.

आता या धंद्यात कोण कोण आहेत ते पाहू. काच वितळवून तंतू ओढणारे आणि त्याची केबल करणारे एका बाजूस; प्रकाशाची यंत्रे बनविणारे दुसऱ्या बाजूस; चर खोदून केबल पुरणारे मक्तेदार तिसरे; आणि गिऱ्हाइकाकडून दरमहा पैसे घेणारे सेवादार चौथे. पहिल्या वर्गात छत्रपती संभाजीनगर येथे मोठे कारखाने असलेली स्टरलाइट टेक्नॉलॉजीज आहे. पुण्याची फिनोलेक्स केबल्सही तंतूच्या केबली बनविते. दुसऱ्या वर्गात २००० साली बंगळूर येथे स्थापन झालेली तेजस नेटवर्क्स आहे. एचएफसीएल, म्हणजे पूर्वीची हिमाचल फ्युचरिस्टिक कम्युनिकेशन्स, एकाहून अधिक वर्गांत मोडते.

या वर्गांतील फरक आदिलाबादच्या माणसाला जिनिंगच्या उदाहरणाने चटकन कळेल. कापूस दरवर्षी येतो, म्हणून जिनिंग दरवर्षी चालते. परंतु जिनिंगची यंत्रे दरवर्षी कोणी घेत नाही. एखाद्या साली चार व्यापारी नव्या गिरण्या काढतात, तेव्हा यंत्रे बनविणाऱ्याला श्वास घ्यावयास उसंत नसते. पुढील पाच वर्षे गिरण्या जोरात चालतात, आणि यंत्रवाला मात्र सुट्या भागांच्या विक्रीवर दिवस काढतो. कापूस कमी झालेला नसतो, गिरणीही बंद पडलेली नसते. केवळ यंत्राची गरज भागलेली असते. प्रकाशयंत्रांच्या धंद्याचा स्वभाव नेमका असा आहे. त्याला सुगी येते आणि दुष्काळही येतो. आणि समभागाची किंमत बहुधा सुगीच्या ऐन भरात सर्वांत चढलेली असते.

जगाने हा धडा फार महाग विकत घेतला. गेल्या शतकाच्या अखेरीस अशी समजूत पसरली की इंटरनेटची वाढ कधीच थांबणार नाही. कॅनडातील नॉर्टेल ही कंपनी प्रकाशयंत्रांच्या व्यवसायात अग्रेसर होती. सन २००० मध्ये तिचा समभाग १२४ कॅनडी डॉलरांपर्यंत चढला आणि टोरांटोच्या बाजाराच्या मुख्य निर्देशांकातील एक तृतीयांशाहून अधिक वजन या एका कंपनीचे झाले. सेवादारांनी कर्जे काढून गरजेच्या कितीतरी पट तंतू पुरले होते. कर्जे फिटेनात, तेव्हा नवी खरेदी थांबली. ग्लोबल क्रॉसिंग ही कंपनी २००२ च्या जानेवारीत आणि वर्ल्डकॉम त्याच वर्षीच्या जुलैत दिवाळखोरीत गेली. नॉर्टेलचा समभाग २००२ मध्ये एका डॉलरच्याही खाली आला. प्रकाशयंत्रांचे भाग बनविणाऱ्या जेडीएस युनिफेज या अमेरिकन कंपनीने २००१ च्या आर्थिक वर्षात ५० अब्ज डॉलरहून अधिक तोटा दाखविला. तेजीच्या दिवसांत भलत्या किमतींना विकत घेतलेल्या कंपन्यांचे मोल पुसून टाकावे लागल्याने तो मुख्यतः झाला होता.

नॉर्टेलने २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा महानगरी जाळ्यांच्या यंत्रांचा विभाग २०१० मध्ये सिएना या कंपनीने विकत घेतला. त्या विभागातील शास्त्र बुडाले नाही. ते पुढे चालले, वाढले. त्या काळी पुरलेले तंतूही वाया गेले नाहीत. पुढील पिढीचे स्वस्त इंटरनेट त्यांवरच उभे राहिले. बुडाला तो भागधारक. आणि त्याच्याबरोबर कंपनीच्या निवृत्त नोकरांनाही आपल्या निवृत्तिवेतनात कपात सोसावी लागली. इंटरनेट वाढेल हे भाकीत अक्षरशः खरे ठरले, आणि त्या भाकितावर पैसा लावणारे तरीही धुऊन निघाले, हे या इतिहासाचे सार होय.

भारतातही याची आवृत्ती निघाली. केतन पारेख यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या तेजीत हिमाचल फ्युचरिस्टिकचा समभाग २००० सालच्या आरंभी दोन हजार रुपयांच्या वर गेला होता. काही वर्षांतच तो शंभराच्या आत आला. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा समभाग २०१८ च्या आरंभी ४०० रुपयांच्या आसपास होता. पुढे चीनमध्ये तंतूंचे उत्पादन गरजेबाहेर वाढले, २०१९ मध्ये तेथील मोठ्या खरेदीचे दर कोसळले आणि त्याची झळ जगभरच्या कारखान्यांना लागली. सन २०२० च्या मार्चमध्ये, साथीच्या भीतीने सारा बाजारच ढासळला तेव्हा, हा समभाग शंभर रुपयांच्या खाली होता. संभाजीनगरच्या कारखान्यातील तंतूचा भाव चीनमधील निविदेने ठरावा, हे जगाच्या बाजाराचे वास्तव आहे. कापसाच्या भावाची नाडी दूरदेशी असते हे ठाऊक असलेल्या आदिलाबादकरांना ते नवे वाटू नये.

तेजस नेटवर्क्सचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ती गुणवान कंपनी आहे. स्वतः संशोधन करून प्रकाशयंत्रे घडविणाऱ्या भारतीय कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत तिचे स्थान मानाचे आहे. तिचे समभाग २०१७ च्या जूनमध्ये २५७ रुपयांना जनतेस देण्यात आले. सन २०२० च्या मार्चमध्ये त्यांची किंमत पन्नास रुपयांच्याही खाली गेली. पुढील वर्षी टाटा समूहाने कंपनी आपल्या छत्राखाली घेण्याचे ठरविले. सन २०२३ मध्ये भारत संचार निगमाच्या चौथ्या पिढीच्या बिनतारी जाळ्यासाठी यंत्रे पुरविण्याचे सुमारे साडेसात हजार कोटी रुपयांचे काम तिला टाटा कन्सल्टन्सीमार्फत मिळाले आणि २०२४ मध्ये समभाग चौदाशे रुपयांपलीकडे गेला. सन २०२४-२५ मध्ये कंपनीची विक्री आदल्या वर्षीच्या सुमारे २,४७० कोटींवरून सुमारे ८,९०० कोटींवर गेली. मग ते काम बहुतांशी संपले. सन २०२५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत विक्री सुमारे २०० कोटींवर आली. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ती १,५०० कोटींच्या वर होती. नफ्याच्या जागी १९० कोटींहून अधिक तोटा दिसला, आणि २०२५ च्या अखेरीस समभाग आपल्या शिखराच्या निम्म्याहूनही खाली उतरला होता. यात कोणाची लबाडी नव्हती, यंत्रे वाईट नव्हती. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे एक मोठे काम संपले, एवढेच घडले होते.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. आणि ग्रामीण जाळ्याच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुधा 'सरकार' असे असते. सन २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली, तेव्हा दोन वर्षांची मुदत धरलेली होती. हीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम पुरे व्हावयास २०१७ चा डिसेंबर उजाडला. आरंभी बहुतेक ठिकाणी तंतू सरळ रेषेत टाकला गेला. वाटेत तो तुटला की पुढची गावे मुकी होत. सन २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रेषेऐवजी वलयाचा अवलंब केलेला आहे. तेलंगण राज्याने आपल्या टी-फायबर योजनेत आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. मिशन भगीरथाच्या पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी जे चर खोदले गेले, त्यांतच तंतूंसाठी नळ्या टाकण्याची आखणी तिने केली. कारण या कामात तंतूपेक्षा खोदाईच महाग पडते.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ही खोदाई सोपी नव्हे. डोंगर आणि जंगल यांतून मार्ग काढावा लागतो, वनखात्याची परवानगी लागते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रस्ता रुंद करताना पुरलेली केबल यंत्राच्या दातांत सापडते. यातील प्रत्येक अडचणीने काम लांबते, काम लांबले की तपासणी लांबते, आणि तपासणी झाल्याखेरीज देयक मंजूर होत नाही. याचा हिशेब कसा होतो तो एका कल्पित उदाहरणाने पाहावा. एका कंपनीने ९२ कोटी रुपये खर्चून यंत्रे बनविली आणि १०० कोटींना पुरविली. ताळेबंदात ८ कोटींचा नफा दिसला. पण पैसे एक वर्ष अडकले, आणि ९२ कोटी रुपये १२ टक्क्यांनी कर्जाऊ आणलेले असतील, तर व्याजच ११ कोटींवर जाते. कागदावर नफा आणि तिजोरीत खड्डा, असा हा प्रकार.

तेव्हा या धंद्यात पैसा घालू इच्छिणाऱ्याने कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतो. हाती असलेल्या मागण्या किती आणि त्या किती गिऱ्हाइकांकडून आलेल्या आहेत? एका गिऱ्हाइकावर निम्मी विक्री अवलंबून असेल तर तो धोका समजावा. विक्री झाली पण पैसे यावयाचे आहेत, अशी येणी किती, आणि ती विक्रीपेक्षा वेगाने वाढत आहेत काय? नफ्याबरोबर धंद्यातून प्रत्यक्ष रोकड आली काय? कर्ज किती? चालकांनी स्वतःचे समभाग गहाण टाकले आहेत काय? संशोधनावर खर्च होतो काय? कारण या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वीचे यंत्र जुने होते.

किमतीचा विचार करताना एक फसवा हिशेब विशेष टाळावयास हवा. समजा, एका समभागामागे सुगीच्या वर्षी ४० रुपये नफा झाला आणि त्याची किंमत ६०० रुपये आहे. नफ्याच्या १५ पट किंमत, म्हणजे स्वस्त, असे वाटते. परंतु बऱ्या-वाईट पाच वर्षांची सरासरी १० रुपयेच पडत असेल, तर तीच किंमत ६० पट ठरते. ज्याने एकाच पिकाच्या जोरावर शेताची किंमत ठरविली तो फसला, हे कोणीही सांगेल. येथेही पाच वर्षांचे उत्पन्न पाहूनच मोल करावे.

या क्षेत्राची आजची बाजूही नाकारता येणार नाही. सन २०२१ मध्ये सरकारने दूरसंचार यंत्रांच्या देशी उत्पादनासाठी १२ हजार कोटी रुपयांहून अधिक प्रोत्साहनाची योजना आखली, आणि त्याच वर्षापासून जाळ्यांतील यंत्रे विश्वासार्ह ठरविलेल्या पुरवठादारांकडूनच घेण्याचा नियम लागू झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या संगणक-केंद्रांना प्रचंड प्रमाणात तंतू लागत आहेत. देशी कारखान्यांना या सर्वांतून खरे काम मिळेल. मात्र गरज खरी असतानाही तिच्या मानाने किंमत अवास्तव चढू शकते, हे २००० साली सिद्ध झालेलेच आहे.

यातून व्यवहाराचा नियम निघतो तो सरळ आहे. ज्या पैशावर तारीख लिहिलेली आहे, म्हणजे जूनमध्ये भरावयाची फी, मृगाचे बियाणे, ठरलेले लग्न, घरातील आजारपण, तो पैसा या धंद्यात घालू नये. त्याची जागा बँकेत किंवा टपाल कचेरीत. जो पैसा पाच-सात वर्षे लागणार नाही, त्यातीलही थोडाच हिस्सा अशा चढउताराच्या क्षेत्रात घालावा, आणि एका कंपनीऐवजी अनेक कंपन्यांत तो विभागणारा म्युच्युअल फंड पसंत करावा. फोनवर अनाहूत येणाऱ्या सल्ल्यामागे सेबीकडे नोंदलेला सल्लागार आहे काय, याची खात्री करावी. कर्ज काढून समभाग घेणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

आणि शेवटी, नागरिक आणि भागधारक या दोन भूमिका निरनिराळ्या आहेत, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. गावात आलेल्या तंतूचा लाभ घ्यावयास त्या कंपनीचा एकही समभाग पदरी असावा लागत नाही. शाळेतील मुलांना धडा पाहता येणे, जमिनीचा उतारा गावातच मिळणे, आरोग्य केंद्रातील डॉक्टरला मोठ्या इस्पितळातील तज्ज्ञाचा सल्ला घेता येणे, हे लाभ साऱ्या गावाचे आहेत. पंचायतीच्या कचेरीत बसविलेला डबा चालू आहे की धूळ खात आहे, तुटलेला तंतू किती दिवसांत जोडला गेला, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. समभागातून मिळणारा लाभ अनिश्चित आहे. पण ज्या तंतूसाठी जनतेचा पैसा एकदा खर्च झाला आहे, तो चालता ठेवण्यातून मिळणारा लाभ गावाने मागून घेतला पाहिजे.